वाशिष्ठीच्या धारेत उभी कयाक

वाहत्या पाण्यात होडी वल्हवणे एखाद्या दिवसात जमते. ती एका जागी उभी ठेवायला शिकणे मात्र वेळ घेते. होडी जितकी हलकी, तितके हे काम कठीण, आणि गरवायला वापरली जाणारी कयाक ही तर होड्यांतली अगदी हलकी जात. पंचवीस-तीस किलोंचा प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर बसलेला माणूस, दोन गळ आणि आमिषाचा डबा. अशी कयाक दाभोळच्या खाडीत ओहोटीच्या धारेत एखाद्या खडकाच्या कडेला तांबोशीसाठी तासभर धरून ठेवायची, तर सामान लागते ते एवढेच: दीड किलोचा लोखंडी नांगर, दीड मीटर साखळी, तीसेक मीटर दोर, दोन कप्प्या, एक कडी आणि एक बोया. एवढ्या सामानावर एक माणूस आणि त्याची होडी तोलून धरली जाते, यात वजनाचा वाटा फार थोडा आहे. खरे काम करते ती ओढीची दिशा.

दाभोळ हे समजून घ्यायला फार चांगले ठिकाण आहे. सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी चिपळूण आणि गोवळकोट ओलांडून खाडी होते आणि दाभोळपाशी अरबी समुद्राला मिळते. उत्तर काठावर दापोली तालुक्यातले दाभोळ, दक्षिण काठावर गुहागर तालुक्यातली धोपावे, वेलदूर, अंजनवेल ही गावे आणि मुखावर लक्ष ठेवून असलेला गोपाळगड. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, म्हणजे साधारण चोवीस-पंचवीस तासांत पाणी चार वेळा आपली दिशा बदलते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी जोरात धावते, अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि धार मंदावते. किनाऱ्यावरची माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. गावागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, पण हिशेब कामाचा आहे. छापील वेळापत्रक हाती असले तरी तो तोंडपाठ असावा असे मला वाटते, कारण खाडीत भिजलेल्या हाताने फोन उघडत नाही.

या खाडीला आणखी एक पाणी येऊन मिळते. कोयना धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला आणले जाते, पोफळीच्या वीजगृहातून वीज देऊन ते वाशिष्ठीत उतरते. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी असे पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटून जातात, वाशिष्ठी वाहती राहते ती यामुळे. पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला याच नदीने चिपळूण बुडवले. त्या दिवसांत या पाण्यावर छोट्या होडीने जाण्याचा विचारही करू नये.

होडी धरून ठेवण्याची विद्या या किनाऱ्याला नवी नाही. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून येणारे घोडे येथे उतरत. पंधराव्या शतकात भारतात आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परत जाताना दाभोळहूनच होर्मुझच्या जहाजावर चढला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याने हे शहर जाळले. त्या काळच्या अरबी समुद्रातल्या व्यापारी जहाजांचे दगडी नांगर द्वारका, सोमनाथ अशा ठिकाणी पाण्याखाली सापडले आहेत. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्यातही ते मिळाले असून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांची नोंद केली आहे. हा नांगर जवळून पाहण्यासारखा असतो. उंच, चौकोनी, वर निमुळता होत गेलेला घडीव दगड. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक. खालच्या बाजूला दोन चौकोनी भोके, एकमेकांना काटकोनात, लगतच्या दोन अंगांवर. त्यांतून लाकडी दांडे आरपार घालायचे. दगड तळाशी कोणत्याही अंगावर पडला तरी एखादा दांडा खाली रुततोच. हा नांगर घडवणाऱ्याला वजनाचे मोल माहीत होते, पण नुसत्या वजनाने भागत नाही हेही कळले होते, म्हणून त्याने कठीण दगडात एवढ्या मेहनतीने ती भोके पाडली.

वजनाने का भागत नाही, याचा हिशेब सोपा आहे. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकाराइतक्या पाण्याच्या वजनाने हलकी होते. काळ्या कातळाचा तीन किलोचा धोंडा पाण्यात जेमतेम दोन किलोंचा उरतो. सिमेंटचा ठोकळा तर चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गमावतो. लोखंड आठवा हिस्साच गमावते, म्हणून ते चांगले, पण दीड किलोचे लोखंड पाण्यात शेवटी सव्वा किलोचेच. आता धारेचा जोर पाहू. साडेतीन मीटर लांबीची कयाक, पाण्यात बुडलेली सुमारे बारा सेंटिमीटर. ती धारेला आडवी झाली आणि पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असले, तर तिच्या कुशीवर ढोबळमानाने वीस-बावीस किलोंचा दाब येतो. तीच कयाक नाळ, म्हणजे पुढचे टोक, धारेकडे करून उभी राहिली तर ओढ किलो-दीड किलोवर येते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे आडव्या कयाकवर नव्वद किलोंच्या घरात. होडी तीच, पाणी तेच, माणूसही तोच. फक्त तिचे तोंड कुठे आहे यावर ही ओढ पंधरा-वीस पटींनी बदलते.

धोका केवळ नांगर सुटण्याचा नाही. दोर कयाकच्या मधल्या भागाला, माणसाच्या मांडीजवळ बांधला आणि धारेने होडी आडवी केली, तर दोर धारेकडची कड खाली ओढतो, तिच्यावर पाणी चढते आणि होडी उलटते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांना बाजूला उलांडी बांधण्याची रीत आहे. दोन दांड्यांच्या टोकाला तरंगता लाकडी ओंडका असतो आणि तो होडीला कलंडू देत नाही. कयाकला असा आधार नाही. वरून बसायच्या ज्या कयाकवरून आज जगभर मासे गरवले जातात, ती घडण कॅलिफोर्नियात टिम नीमियर याने १९७१ च्या सुमारास काढली. ती उलटली तरी बुडत नाही आणि तिच्यावर परत चढता येते, हा तिचा मोठा गुण. पण उलटलेल्या कयाकभोवती ताणलेला दोर, गळांच्या तारा आणि वाहते पाणी एकत्र आले म्हणजे हा गुण अपुरा पडतो.

मग दोर नाळेला बांधावा, हे ओघाने आले. अडचण अशी की गरवणारा बसलेला असतो मधे आणि नाळ त्याच्यापासून दीड-दोन मीटर पुढे. अरुंद होडीवर गुडघ्यांवर सरकत तिथपर्यंत जाणे म्हणजे स्वतःच उलटायची तयारी करणे. शिवाय दिशा बदलली की दोर पिछाडीला न्यावा लागेल, तो कसा न्यायचा? यावर कयाकवाल्यांनी शोधलेली युक्ती मला या साऱ्या सामानातली सगळ्यांत सुंदर वस्तू वाटते. होडीच्या एका कडेला नाळेजवळ एक छोटी कप्पी आणि पिछाडीजवळ दुसरी कप्पी बसवायची. दोन्ही कप्प्यांतून चार-पाच मिलिमीटरची बारीक दोरी फिरवून तिचे वेढे बंद करायचे आणि त्या वेढ्यात एक कडी गुंफायची. झेंड्याच्या काठीवरची दोरी ओढली की झेंडा जसा वर-खाली सरकतो, तशी बसल्या जागेवरून दोरी ओढली की कडी नाळेपर्यंत किंवा पिछाडीपर्यंत जाते. नांगराचा दोर या कडीतून जातो आणि परत माणसाच्या हाताशी येऊन कडेवरच्या खाचेत अडकतो. म्हणजे दोर धरलेला असतो मांडीजवळ, पण होडीला ओढतो तो टोकाकडून. दोरीत एखाद-वीत लवचीक रबरी दोर जोडला की ती सैल पडत नाही आणि लाटेचा हिसका त्यात जिरतो. कप्प्यांचे पट्टे प्लास्टिकला नुसत्या स्क्रूने धरत नाहीत. आतून मोठ्या वाटीची चकती आणि नट, किंवा हात आत पोहोचत नसेल तिथे आत फाकणारे रिव्हेट, आणि भोकाभोवती सिलिकॉन. सगळे धातूचे भाग स्टेनलेस स्टीलचे हवेत, साधा खिळा खाऱ्या पाण्यात एका हंगामात खाल्ला जातो.

आता क्रम. कडीतून दोर ओवायचा, नांगर हाताने सावकाश तळाला सोडायचा, दोर सैल असतानाच कडी टोकाला न्यायची, मग हवा तेवढा दोर सोडायचा आणि शेवटी खाचेत अडकवायचा. कडी मधे असताना दोर कधीच ताणू द्यायचा नाही. या एका गोष्टीत चूक होता कामा नये.

किती दोर सोडायचा, हा पुढचा प्रश्न, आणि नवे लोक नेमके इथे कंजुषी करतात. नांगर जमिनीत शिरतो तो आडवा ओढला गेल्यावर आणि निघतो तो उभा ओढला गेल्यावर. दोर खोलीच्या सातपट सोडला आणि तो ताणून सरळ झाला, तर तळाशी त्याचा कोन आठ अंशांचा राहतो. पाचपट सोडला तर साडेअकरा, तिप्पट सोडला तर वीसच्या जवळ, आणि दुप्पटच सोडला तर तीस. तीस अंशांवर बहुतेक नांगर उकरून निघतात. तिप्पट हे अगदी शांत पाण्यातले किमान माप, धारेत पाच ते सात. आणि खोली मोजायची ती भरतीची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी दोन मीटर आणि थोडे वर चढते. ओहोटीला चार मीटर पाण्यात नांगर टाकला तर भरतीला तिथे सहा मीटर होणार. पाचपट धरली तर दोर हवा तीस मीटर. नांगराला लागून असलेली दीड मीटर साखळी तळावर पडून राहते आणि दोराची पहिली ओढ आडवीच ठेवते. सहा मिलिमीटरच्या साखळीचे वजन मीटरला जेमतेम साडेसातशे-आठशे ग्रॅम असते, तरी खडकावर घासून दोर तुटू नये म्हणूनही ती हवी. दोर नायलॉनचा घ्यावा. तो ताणला जातो, हिसका सोसतो आणि बुडतो. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, आणि दाभोळसारख्या रहदारीच्या खाडीत तरंगणारा दोर कोणाच्या तरी पंख्यात जातो. जाडी सहा ते आठ मिलिमीटर ठेवावी. ताण त्याहून बारीक दोरही सोसेल, पण बारीक दोर हाताला कापतो.

नांगर कोणता, हे तळ ठरवतो. कयाकवाल्यांचा आवडता चार पाकळ्यांचा, घडी होणारा नांगर खडकात उत्तम अडकतो, पण मऊ चिखलात त्याच्या पाकळ्या लोण्यातून सुरी जावी तशा सरकतात. रिचर्ड डॅनफर्थ या अमेरिकन माणसाने १९४० च्या सुमारास दोन रुंद, सपाट, हलत्या पात्यांचा नांगर बनवला. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर चढलेल्या लष्करी नौका स्वतःला परत पाण्यात ओढून घ्यायला तोच वापरत. वाळू आणि चिखल यांत त्याला तोड नाही, खडकावर तो कुचकामाचा. त्याआधी १९३३ मध्ये केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी शेतीच्या नांगराच्या फाळाच्या आकाराचा नांगर काढला. द्रवांच्या प्रवाहावर मूलभूत काम केलेला हा माणूस हौसेने शिडाच्या होडीवर फिरत असे. कमी वजनात जास्त पकड हवी, म्हणून त्याने ओढले की अधिक खोल शिरणारा आकार शोधला. १९७० च्या दशकात पीटर ब्रूस यांचा पंजासारखा एकसंध नांगर आला आणि त्याच्या छोट्या आवृत्त्या आज कयाकवरही दिसतात. वाशिष्ठीच्या मुखाशी वाळू, आत गाळ, गोपाळगडाच्या पायथ्याशी खडक. एकच नांगर घ्यायचा तर मी पंजाच्या घडणीचा घेईन, तो तिन्ही ठिकाणी बऱ्यापैकी चालतो. कांदळवनातल्या कमरेएवढ्या पाण्याच्या फाट्यांत नांगर लागतच नाही. दोन-अडीच मीटरचा टोकदार बांबू गाळात तिरपा खुपसून तो कडीला बांधला की झाले. आवाज नाही, गढूळपणा नाही, बोय मासा बिचकत नाही. चिपळूणच्या बाजूला, वर वर जाणाऱ्याने मात्र खाडीत मगरी आहेत हे लक्षात ठेवावे आणि पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात लोंबते ठेवू नयेत.

नाळ धारेकडे की पिछाडी? गरवणाऱ्याला पिछाडी बांधायचा मोह होतो, कारण मग तोंड धारेच्या खालच्या अंगाला राहते आणि आमिष आपोआप डोळ्यांसमोर वाहत जाते. मंद धारेत हे चालते. पण माणूस आणि डबे यांच्या वजनाने पिछाडी आधीच खाली गेलेली असते, जोराच्या धारेत ती आणखी दबते आणि पाणी वर येते. वारा आला तर नक्कीच नाळ पुढे घ्यावी. दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि त्याच वेळी ओहोटी असली, तर पाणी पश्चिमेला जात असते आणि वारा पश्चिमेकडून येत असतो. खाडीच्या मुखाशी मग आखूड, उभ्या लाटा उठतात. कयाक धारेचे ऐकेल की वाऱ्याचे, ते दर मिनिटाला बदलते. अशा दुपारी मुखापासून आत सरकणे हेच शहाणपण.

पाणी वळते तेव्हाही जागे राहायला हवे. भरती संपताना धार थांबते, दोर सैल पडतो, होडी नांगराच्या डोक्यावर येऊन भटकते. ओहोटी लागली की ती अर्धा वळसा घेते आणि नांगर उलट दिशेने ओढला जाऊन निघतो. पुन्हा रुतेल याची खात्री नसते. नांगर सरकतो आहे की नाही हे पाण्याकडे पाहून कळत नाही, कारण पाणीच चालत असते. त्यासाठी काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या: दाभोळच्या जुन्या शाही मशिदीचा घुमट आणि त्यामागचा एखादा माड. दोन्ही एकमेकांपासून सरकू लागले म्हणजे होडी चालली. समुद्रात माशांच्या जागा शोधायला मच्छीमार हीच रीत वापरत आले आहेत.

या खाडीत पाण्याची वेळ आणि दिशा यांवर पोट असलेली माणसे आहेत. बोक्शी लावणारे मच्छीमार धारेच्या आडवे खुंट रोवून पिशवीसारखे जाळे उभे करतात, धार त्यात जवळा आणि कोळंबी आणून भरते, आणि पाणी थांबले की जाळे उचलले जाते. हौशी माणसाने अशा जाळ्याच्या वरच्या अंगाला नांगर टाकू नये. सुटला तर सरळ त्यांच्या जाळ्यात जाईल. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून माणसे आणि गाड्या घेऊन खाडी ओलांडते, मासेमारीच्या यांत्रिक बोटींची ये-जा असते. सागरी टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की अरुंद मार्गात नांगर टाकणे शक्यतो टाळावे. सात मीटरपेक्षा लहान होडीला नांगरावर असताना दिवा लावायची सक्ती नाही, पण ती सूट रहदारीच्या मार्गात आणि त्याच्या जवळ लागू होत नाही. तिथे चहूकडून दिसणारा पांढरा दिवा हवाच.

कधी तरी दोर तत्काळ सोडून द्यावा लागतो: एखादी बोट अंगावर येत असते, ओंडका वाहत येऊन दोरात अडकतो, किंवा मोठा जिताडा गळाला लागून दोराकडे धावतो. म्हणून दोराचे शेवटचे टोक होडीला कधीही पक्के बांधत नाहीत, त्याला बोया लावतात. खाचेतून दोर काढला की तो कडीतून सरसर निघून जातो, बोया तरंगत राहतो, आणि सवडीने परत येऊन उचलता येतो. यात एक बारकावा आहे: बोया कडीतून आरपार जाण्याइतका लहान हवा, नाहीतर कडी एका हाताने उघडता येणारी हवी. मोठा बोया कडीत अडकला, तर सुटण्यासाठी केलेली सोयच होडीला बांधून ठेवते. ज्यांच्याकडून कयाक जगाला मिळाली त्या इन्युइट शिकाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. त्यांच्या भाल्याच्या दोराला सीलच्या कातड्याचा फुगवलेला फुगा बांधलेला असे. सील बुडी मारून ओढू लागला की शिकारी फुगा पाण्यात टाकून देई, आणि सील फुग्याला ओढत दमे, होडीला नव्हे. तरीही हाताशी, छातीवर, म्यानात एक सुरी असावी.

नांगर काढताना धारेविरुद्ध वल्हवत त्याच्या डोक्यावर जायचे, कडी नाळेवरच ठेवायची आणि दोर बसल्या जागी ओढून घ्यायचा. दोर उभा झाला की नांगर आपोआप सुटतो. खडकात अडकला तर तो सोडवायची तजवीज आधीच केलेली असावी लागते. साखळी नांगराच्या वरच्या कडीला न जोडता खालच्या टोकाला, जिथे पाकळ्या एकत्र येतात तिथे, पक्की जोडायची. मग ती दांड्याच्या कडेने वर आणून वरच्या कडीला एखाद्या कच्च्या सुतळीने किंवा प्लास्टिकच्या बारीक पट्टीने बांधायची. रोजच्या ओढीला ही सुतळी पुरते. नांगर अडकला आणि वरून जोराने हिसका दिला की सुतळी तुटते, ओढ खालच्या टोकावर जाते आणि नांगर शिरला होता त्याच वाटेने मागे निघतो. सुतळी किती कच्ची असावी, हे काठावर उथळ पाण्यात उभे राहून दोन-तीनदा करून पाहावे. आणि पाण्यावर जाताना जीवनरक्षक जॅकेटच्या खिशात, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवलेल्या फोनमध्ये दोन क्रमांक असू द्यावेत: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.